आर्क एन्काउंटर : सार्वजनिक निधीचा वाद

आर्क एन्काउंटर हे अमेरिकेच्या केंटकी राज्यातील विल्यम्सटाउन येथील सृष्टिनिर्मितीवादी धार्मिक उद्यान आहे. बायबलमधील नोहाच्या तारवाची ५१० फूट लांबीची प्रतिकृती हे त्याचे मुख्य आकर्षण होय. केन हॅम यांच्या 'आन्सर्स इन जेनेसिस' या संस्थेने उभारलेले हे उद्यान ७ जुलै २०१६ रोजी खुले झाले.

आक्षेप

पर्यटनवाढीसाठी राज्याने देऊ केलेली, कमाल १.८ कोटी डॉलरची विक्रीकर परतफेड वादाचे कारण ठरली. पृथ्वी सुमारे ६,००० वर्षांची असल्याचे मत येथे मांडले जाते. विज्ञानानुसार तिचे वय सुमारे ४.५४ अब्ज वर्षे आहे. अशा धर्मप्रचारास करसवलत देणे हे धर्म व राज्य यांच्या विभक्ततेविरुद्ध असल्याचे टीकाकार म्हणतात. नोकरीसाठी श्रद्धापत्राची अट घालण्यासही त्यांचा विरोध आहे.

न्यायालयीन निर्णय

डिसेंबर २०१४ मध्ये राज्याने सवलत नाकारली. त्याविरुद्ध संस्थेने दावा दाखल केला. धर्मनिरपेक्ष निकष पूर्ण करणाऱ्या अर्जदारास केवळ धार्मिक स्वरूपामुळे वगळता येत नाही, असा निर्णय संघीय न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये दिला. त्यामुळे सवलतीचा मार्ग मोकळा झाला. तिच्या औचित्याविषयीचे मतभेद मात्र कायम राहिले.