वाड्यावरची संगीतशाळा : प्रौढांचा रॉक बँड वर्ग कसा चालतो

संगीतशाळा म्हटली की दप्तर बाजूला ठेवून पेटीपुढे किंवा व्हायोलिन घेऊन बसलेली मुले डोळ्यांसमोर येतात. मात्र नोकरी, दुकान आणि घरसंसार सांभाळून चाळिशीत, पन्नाशीत पहिल्यांदा गिटार हाती घेणाऱ्यांचाही एक वर्ग असतो. तरुणपणी ऐकलेली गाणी स्वतः वाजवावीत, तीही एकट्याने नव्हे तर चारचौघांबरोबर, एवढीच त्यांची इच्छा असते. त्यांच्यासाठी चालवला जाणारा रॉक बँड वर्ग हा मुलांच्या वर्गाची मोठी आवृत्ती नव्हे. त्याची रचना, वेळापत्रक, गाण्यांची निवड आणि हिशेब हे सारेच वेगळे असते. वाद्य शिकवणारे अनेक मिळतात. पाच प्रौढ माणसांना आठवड्यातून एकदा एकत्र आणून वाजते ठेवणे हे त्याहून अवघड काम आहे, आणि अशी शाळा टिकते किंवा बंद पडते ती यावरच.

गोव्यातील पूर्वपीठिका

पाश्चात्त्य संगीताचे वाड्यावरचे शिक्षण गोव्याला नवे नाही. पोर्तुगीज राजवटीत चर्चशी जोडलेल्या पाठशाळांतून ‘मेस्त’ मुलांना सोल्फेज, म्हणजे स्वरलिपी वाचून गाणे, आणि व्हायोलिन शिकवीत. या शिक्षणाच्या बळावर गोव्याचे वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत पोहोचले. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यसंगती रचणारे सेबास्टियन डिसोझा आणि प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस ही त्यातील ठळक नावे. पुढे ख्रिस पेरी यांनी कोकणी गीतांना जॅझची जोड दिली. 1984 साली रेमो फर्नांडिस यांनी ‘गोवन क्रेझी’ हा ध्वनिसंग्रह शिवोलीतील आपल्या घरीच ध्वनिमुद्रित केला. तियात्राच्या कांतारांना आजही ड्रम, बेस आणि ट्रम्पेटची प्रत्यक्ष साथ असते. 1970 साली स्थापन झालेल्या कला अकादमीत भारतीय संगीताबरोबर पाश्चात्त्य संगीताचाही विभाग आहे.

परीक्षेच्या वाटेने जाणाऱ्यांसाठी लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या श्रेणी परीक्षा गोव्यात सुपरिचित आहेत. त्या संस्थेने रॉक आणि पॉप संगीतासाठी स्वतंत्र परीक्षाही सुरू केल्या आहेत. परंतु बहुतेक प्रौढांना प्रमाणपत्र नको असते. त्यांना जे हवे असते त्याचे जवळचे उदाहरण आपल्याच वाड्यावर आहे, ते म्हणजे चतुर्थीच्या दिवसांतील घुमट आरती. तेथे कोणी अभ्यासक्रम पूर्ण करून येत नाही. नवखा माणूस अनेकदा आधी कासाळे हाती घेतो, ठेका अंगात मुरला की मग घुमटाकडे वळतो. समूहात सोपे काम घेऊन शिरायचे आणि तेथेच शिकायचे, हीच रॉक बँड वर्गाचीही पद्धत आहे.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे पॉल ग्रीन यांनी 1998 साली ‘स्कूल ऑफ रॉक’ सुरू केले, तेही याच तत्त्वावर. आधी कार्यक्रम ठरवायचा, त्यातील गाणी वाटून द्यायची आणि गाण्याच्या गरजेपुरते वाद्य शिकवायचे. ती शाळा मुलांसाठी होती. प्रौढांचे वर्ग अशा शाळांतून पुढे आले.

प्रौढ विद्यार्थ्याची अडचण

प्रौढाचा कान त्याच्या हाताच्या कितीतरी पुढे असतो. तीस वर्षे ऐकलेले गाणे कसे वाजायला हवे हे त्याला नेमके ठाऊक असते. बोटे मात्र पहिल्याच कॉर्डला अडखळतात. लहान मुलाला ही तफावत फारशी जाणवत नाही, मोठ्याला ती लाजवते. त्यातच कार्यालयात चारजण ज्याचा शब्द मानतात, त्याला येथे सर्वांसमोर चुकावे लागते. सुरुवातीच्या काही आठवड्यांत वर्ग सोडणाऱ्यांपैकी अनेकांचे खरे कारण वेळेचा अभाव हे नसते, तर हा संकोच असतो.

म्हणून पहिल्याच दिवशी, कितीही प्राथमिक स्वरूपात का होईना, पाचही जणांनी मिळून काहीतरी वाजवून घरी जाणे आवश्यक ठरते. ड्रमवादकाने पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला पायाचा ड्रम, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला स्नेअर वाजवावा. बेस वाजवणाऱ्याने प्रत्येक कॉर्डचा मूळ स्वर तेवढा धरावा. गिटारवर जी, सी, डी आणि ई मायनर एवढ्या चार कॉर्ड पुरतात. बोट आडवे दाबून धरावी लागणारी एफ कॉर्ड टाळण्यासाठी कॅपो लावावा. या साहित्यावर पहिल्या संध्याकाळी एक धून उभी राहू शकते.

बारा आठवडे, तीन गाणी

एका बँडमध्ये गायक, दोन गिटार, बेस आणि ड्रम असे पाचजण सोयीचे ठरतात. दुसऱ्या गिटारऐवजी कीबोर्डही चालतो. बारा आठवड्यांचे सत्र, आठवड्यातून एकदा दीड तास आणि सत्राच्या अखेरीस तीन गाण्यांचा छोटा कार्यक्रम, अशी आखणी नोकरदारांना पेलते. कार्यक्रमाची तारीख पहिल्याच दिवशी जाहीर करावी. तारीख ठरलेली असली की घरचा सराव होतो. ती पुढे ढकलली की सरावही पुढे जातो.

दीड तासाचे तीन भाग करता येतात. पहिली पंधरा मिनिटे वाद्ये सुरात लावणे आणि हात मोकळे करणे. पुढची तीस मिनिटे गाण्यातील एकच अवघड जागा घेऊन ती संथ लयीत घोटणे. मूळ गाणे मिनिटाला 120 ठोक्यांचे असेल तर 80 पासून सुरुवात करून दर वेळी पाच-पाच ठोक्यांनी लय वाढवावी. उरलेली पंचेचाळीस मिनिटे मात्र गाणे न थांबता वाजवायचे. चूक झाली तरी थांबायचे नाही, पुढच्या समेवर पुन्हा सामील व्हायचे. एकट्याने शिकलेल्यांना थांबून चूक सुधारण्याची सवय असते आणि बँडमध्ये हीच सवय सर्वांत महाग पडते.

गाणे निवडताना गायकाची पट्टी आधी पाहावी. रॉकमधील अनेक प्रसिद्ध गाणी उंच पट्टीत गायलेली आहेत. ती दोन-तीन अर्धस्वर खाली आणली तर घसा ताणला जात नाही आणि श्रोत्यांनाही वावगे वाटत नाही. प्रत्येकाला त्याच्या कुवतीचा भाग लिहून द्यावा. एकाच गाण्यात नवख्याला आठ स्वर आणि जुन्याला एकल वादन देता येते, हे या प्रकाराचे मोठे बलस्थान आहे.

गैरहजेरीचा प्रश्न मात्र आधीच सोडवून ठेवावा लागतो. एकट्याच्या शिकवणीत विद्यार्थी आला नाही तर त्याचेच नुकसान होते. बँडमध्ये ड्रमवादक आला नाही तर उरलेल्या चौघांची संध्याकाळ वाया जाते. त्यामुळे शिक्षकाला सर्व वाद्ये निदान कामापुरती यावीत, प्रत्येक भागाचे ध्वनिमुद्रण तयार असावे आणि दुसऱ्या बँडमधील कोणी बदली म्हणून येण्याचा प्रघात असावा. येता येणार नसेल तर आदल्या दिवशी कळवण्याचा नियम सर्वांना सारखा लावावा.

आवाज आणि शेजार

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 प्रमाणे निवासी भागात सकाळी 6 ते रात्री 10 या वेळेत 55 डेसिबल आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी जागेतील वाद्यांचा आवाज जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा 5 डेसिबलहून अधिक वाढता कामा नये. म्हणजे दिवसा हद्दीवर 60 डेसिबल. ड्रम आणि अँप्लिफायर असलेल्या छोट्या खोलीत आवाज सहज 100 डेसिबलपर्यंत जातो. मधले 40 डेसिबल भिंती, दारे आणि अंतर यांनीच गिळले पाहिजेत.

भिंतीवर अंड्यांचे ट्रे चिकटवून हे साधत नाही. त्यांनी खोलीतील घुमारा किंचित कमी होतो, बाहेर जाणारा आवाज अडत नाही. आवाज अडवण्यासाठी वजन, हवेची पोकळी आणि फटी बुजवणे या तीन गोष्टी लागतात. जुन्या घरांच्या जाड चिऱ्याच्या भिंती या दृष्टीने उत्तम असतात; पण वर मंगळुरी कौले असतील तर सारा आवाज तेथून निसटतो. अशा खोलीला आतून जड छत घालणे, दाराला रबरी पट्टी लावणे आणि खिडकीला दुसरी काच बसवणे यांवर खर्च करावा. तेवढी ऐपत नसेल तर कानात हेडफोन घालून वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रमसंच हा व्यवहार्य पर्याय आहे.

नियमाइतकेच शेजाऱ्यांशी बोलणेही महत्त्वाचे. प्रौढांचे वर्ग साडेसातनंतरच भरतात आणि त्याच वेळी शेजारच्या घरात मुले अभ्यासाला बसलेली असतात. वाराची आणि वेळेची लेखी माहिती आधीच देणे, साडेनऊला अँप्लिफायर बंद करणे, दहावी-बारावीच्या परीक्षांच्या काळात ड्रमऐवजी कहोनवर तालीम घेणे आणि सत्राअखेरच्या कार्यक्रमाला शेजाऱ्यांना बोलावणे, एवढ्याने पंचायतीपर्यंत जाणाऱ्या अनेक तक्रारी घरातच मिटू शकतात.

आवाजाचा धोका आत बसलेल्यांनाही असतो. श्रवणसुरक्षेच्या प्रचलित मापदंडांपैकी एकानुसार 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सहन करता येतो आणि दर 3 डेसिबलमागे ही मुदत निम्मी होते. या हिशेबाने 100 डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे मिळतात. सर्वाधिक धोका शिक्षकाला, कारण तो प्रत्येक वर्गात असतो. वादकांसाठीचे इअरप्लग सर्वांना सक्तीचे करावेत.

पावसाळा आणि वीज

किनारपट्टीच्या दमट हवेत गिटारच्या तारा गंजतात, लाकडी मान वाकते आणि स्पीकरच्या कागदी पडद्याला बुरशी धरते. वाद्यांच्या खोलीतील आर्द्रता 40 ते 55 टक्क्यांदरम्यान असणे चांगले. पावसाळ्यात त्यासाठी आर्द्रताशोषक यंत्र लागते. वीजजोडणीचे अर्थिंग दरवर्षी तपासून घ्यावे. ते सदोष असेल तर हातात गिटार असलेल्या गायकाचे ओठ मायक्रोफोनला लागताच जोराचा झटका बसू शकतो, आणि तो जिवावरही बेतू शकतो. या कामात काटकसर नसावी.

हिशेब

उदाहरण म्हणून चार बँडची शाळा घेऊ. प्रत्येकी पाच विद्यार्थी आणि मासिक शुल्क 2,000 रुपये धरले तर महिन्याचे उत्पन्न 40,000 रुपये होते. खोलीचे भाडे 12,000, वीज 4,000, सोळा तासिकांचे शिक्षकाचे मानधन प्रत्येकी 1,000 प्रमाणे 16,000 आणि तारा, कातडी, दुरुस्ती यांसाठी 3,000 असा खर्च 35,000 रुपये होतो. उरतात 5,000.

आता एक बँड फुटला असे समजा. उत्पन्नातून 10,000 जातात, मानधनाचे फक्त 4,000 वाचतात. शिल्लक राहण्याऐवजी 1,000 रुपये खिशातून घालावे लागतात. आणि बँड फुटायला पाचही जण जावे लागत नाहीत; एका ड्रमवादकाची बदली झाली तरी पुरे. म्हणून प्रत्येक वाद्याची प्रतीक्षायादी, विशेषतः ड्रम आणि बेसची, हीच शाळेची खरी ठेव असते. दिवसा रिकामी असणारी खोली मुलांच्या वर्गांना किंवा भजनी मंडळाच्या तालमीला दिली तर भाड्याचा भार हलका होतो. सेवा व्यवसायाला वस्तू व सेवा कराची नोंदणी वार्षिक 20 लाखांच्या उलाढालीनंतर लागते, त्यामुळे एवढी लहान शाळा त्या मर्यादेच्या खूप खाली राहते. स्थानिक पंचायत किंवा पालिकेचा परवाना मात्र विचारून घ्यावा.

कार्यक्रम आणि स्वामित्वहक्क

इतरांची गाणी जाहीरपणे वाजवताना स्वामित्वहक्काचा विचार करावा लागतो. 1957 च्या कायद्यातील कलम 52 नुसार हौशी मंडळाने शुल्क न घेता श्रोत्यांसमोर केलेल्या सादरीकरणाला सवलत आहे. तिकीट लावले किंवा उपाहारगृहात कार्यक्रम केला, तर गीतकार-संगीतकारांच्या आयपीआरएस या संस्थेचा परवाना कोणी घ्यायचा हे आयोजकाशी आधी ठरवून घ्यावे. पहिला कार्यक्रम घरचे लोक आणि शेजारी यांच्यापुरता, विनाशुल्क ठेवणे सर्वार्थाने सोयीचे.

त्या कार्यक्रमात चुका होणारच. कोणी कडवे विसरेल, कोणी एक मात्रा आधी शिरेल. शाळेच्या दृष्टीने मोजायची गोष्ट वेगळी आहे. तेराव्या आठवड्यात, नव्या सत्राच्या पहिल्या संध्याकाळी, त्या पाचांपैकी किती जण परत आले, हे पाहावे. पाचही आले असतील तर शाळेचे काम नीट चालले आहे असे समजावे, आणि चौथे गाणे काढावे.