एचआयव्हीवरील औषधारंभाची वेळ : कालनिर्णयाचा एक प्रश्न

१. बिनतारखेच्या कागदाचा काल त्यांतील मजकुरावरून ठरविण्याचा प्रसंग संशोधकांस वारंवार येतो. अक्षराचें वळण, कागदाची जात, मायना, उल्लेखिलेल्या व्यक्ति हीं त्याचीं नेहमींचीं साधनें होत. अलीकडच्या काळांतील वैद्यकीय पत्रकांसही हीच कसोटी लागूं पडते. एचआयव्हीसंबंधींच्या पत्रकांत एक आंकडा बहुधा आढळतो : लागण निदानास आल्यावर औषध केव्हां सुरू करावें, हें सांगणारा. तो आंकडा कसा व कां बदलत गेला, याची संगति लावणें हा प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे. प्रश्न केवळ जिज्ञासेचा नाहीं. जुना आंकडा आजचा समजून जो थांबेल, त्याच्या जिवाशीं गांठ आहे.

२. प्रथम आंकडा कशाचा तें पाहूं. हा विषाणु रक्तांतील सीडी४ नांवाच्या संरक्षक पेशींचा नाश करतो. निरोगी प्रौढांत या पेशी दर घन मिलिमीटरास साधारणपणें ५०० ते १५०० असतात. त्या २०० च्या खालीं गेल्या म्हणजे इतर रोग शरीरांत सहज शिरतात. लागण झाल्यापासून या अवस्थेपर्यंत बहुधा कित्येक वर्षें जातात व तेवढा काळ मनुष्य धडधाकट दिसतो. अशा धडधाकट माणसास औषध द्यावें कीं थांबावें, हा वादाचा मूळ मुद्दा.

३. या रोगाची पहिली नोंद ५ जून १९८१ च्या अमेरिकन सरकारी साप्ताहिकांत झाली. विषाणूचा शोध १९८३ त पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत लागला. भारतांतील पहिलें निदान १९८६ त मद्रासेस डॉ. सुनीति सॉलोमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलें. झिडोव्हुडीन हें पहिलें औषध मार्च १९८७ मध्यें अमेरिकेंत मान्य झालें आणि १९९० त, पेशी ५०० च्या खालीं असल्यास लक्षणें नसतांही तें देण्यास तेथें अनुमति मिळाली. परंतु ब्रिटन, आयर्लंड व फ्रान्स येथें १७४९ जणांवर झालेल्या काँकॉर्ड चाचणीनें हा उत्साह उतरविला. लगेच औषध घेणारे व थांबून घेणारे यांच्या जगण्यांत सुमारें तीन वर्षांनीं फरक आढळला नाहीं. एकट्या औषधास विषाणु लौकरच दाद देईनासा होई, हें त्याचें मुख्य कारण. म्हणजे १९९४ च्या सुमारास ‘थांबा’ हें उत्तर त्या काळच्या औषधापुरतें साधार होतें.

४. १९९६ पासून तीन औषधें एकत्र देण्याची रीति रूढ झाली व श्रीमंत देशांतील मृत्यु झपाट्यानें घटले. विषाणूवर लौकर व जोराचा घाव घालावा, असें डॉ. डेव्हिड हो यांनीं १९९५ तच प्रतिपादिलें होतें. १९९८ च्या अमेरिकन सूचनांत त्यामुळें पुन्हां ५०० आला. पण गोळ्या पुष्कळ, अंगावरील चरबी विद्रूपपणें सरके, मज्जातंतूंस इजा होई. शिवाय विषाणु कांहीं पेशींत दडून राहतो, सबब कांहीं वर्षांच्या औषधानें त्याचें निर्मूलन होत नाहीं, हेंही उघड झालें. २००१ त अमेरिकन आंकडा ३५० वर उतरला.

५. दुसरीकडे गरीब देशांत प्रश्न निराळाच होता. तीन औषधांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरांच्या वर जाई. फेब्रुवारी २००१ मध्यें मुंबईच्या सिप्ला कंपनीनें तींच औषधें एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय सेवासंस्थेस वर्षास ३५० डॉलरांत देऊं केलीं, तेव्हां सरकारांस विचार करणें शक्य झालें. २००२ त जागतिक आरोग्य संघटनेनें अशा देशांसाठीं २०० ची मर्यादा घातली. भारतसरकारची मोफत योजना १ एप्रिल २००४ रोजीं आठ रुग्णालयांत सुरू झाली, मुंबईचें जे. जे. रुग्णालय त्यांपैकीं एक. आमच्या मतें २०० ही निसर्गानें आंखलेली सीमा नव्हे. औषध थोडें व रोगी फार, म्हणून अधिक आजारी त्यास आधीं, अशी ती टंचाईंतली वांटणी होती. रांगेबाहेर राहिलेल्यांस मात्र ती वैद्यकशास्त्राचा निर्णय म्हणून कळली, हें दुःखद होय.

६. पुढें पुराव्याचा दर्जा बदलला. लौकर औषध घेणारे अधिक जगतात, हें नुसत्या निरीक्षणावरून म्हणणें धोक्याचें. कारण लौकर घेणारा मनुष्य इतर बाबतींतही प्रकृतीस जपणारा असूं शकतो. यास्तव चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दोन गट पाडून केलेल्या चाचण्या हाच येथें अव्वल दर्जाचा पुरावा. २००६ त ५४७२ जणांच्या ‘स्मार्ट’ चाचणींत असें दिसलें कीं, औषध मधून मधून बंद करणारांत मृत्यु अधिक झाले. हैतीमध्यें ८१६ जणांपैकीं लगेच घेणारे ६ व थांबणारे २३ दगावले (२०१०). २०११ त नऊ देशांतील १७६३ जोडप्यांच्या चाचणीनें दाखविलें कीं, लौकर औषध घेतल्यास जोडीदारास होणारी लागण ९६ टक्के टळते. या चाचणींत आपलें पुणेंही होतें. अखेरचा निकाल २०१५ त ‘स्टार्ट’ चाचणीनें दिला. ३५ देशांतील, पेशी ५०० हून अधिक असलेल्या ४६८५ जणांपैकीं लगेच औषध घेणारांत ४२ व थांबणारांत ९६ जणांस गंभीर आजार अगर मृत्यु आला. सप्टेंबर २०१५ मध्यें जागतिक संघटनेनें आंकड्याची अटच काढून टाकली. भारतानें २८ एप्रिल २०१७ रोजीं तेंच धोरण स्वीकारलें.

७. यावरून संग्राहकांस पुढील खूण मिळते. जागतिक संघटनेच्या आधारें लिहिलेल्या पत्रकांत २०० असेल तर तें स्थूलमानानें २००२ ते २००९ चें, ३५० असेल तर तेथून २०१३ पर्यंतचें, ५०० असेल तर २०१३ ते २०१५ चें समजावें. स्थानिक सरकारें नवा आंकडा उशिरानें घेत, ही सूट ठेवावी. अमेरिकन कागदांत मात्र ५०० हा ३५० च्या आधींही येतो व नंतरही येतो. सबब आधीं स्थल, मग आंकडा, मग औषधांचीं नांवें, असा क्रम ठेवावा. डोल्युटेग्राव्हिर हें औषध अमेरिकेंत ऑगस्ट २०१३ मध्यें मान्य झालें. तें नेहमींचें औषध म्हणून सांगणारें पत्रक त्यापूर्वींचें नसावें.

८. सारांश, आंकड्यांत आपापल्या काळचें औषध, पैसा व पुरावा यांचें मिश्रण होतें. आजचा निर्णय स्पष्ट आहे : निदान होतांच, पेशी कितीही असोत, औषध सुरू करावें. २०१७ पासून जागतिक संघटनेची सूचना सात दिवसांच्या आंत, व रोग्याची तयारी असल्यास त्याच दिवशीं, अशी आहे. मुख्य अपवाद मेंदूच्या आवरणास झालेल्या क्षयाचा व क्रिप्टोकोकस बुरशीच्या रोगाचा. तेथें आधीं त्या रोगावर उपचार करून कांहीं आठवडे थांबतात. कारण बुरशीच्या रोगांत घाई केल्यास मृत्यु वाढतात, असें २०१४ त प्रसिद्ध झालेल्या आफ्रिकेंतील चाचणींत आढळलें. जुनीं पत्रकें जपून ठेवावींत, हें योग्यच; पण प्रत्येकावर त्याचें वर्ष लिहून ठेवावें. तारीख नसलेली सनद फार तर एखादा वाद उत्पन्न करते. तारीख नसलेलें हें पत्रक मात्र एखाद्या माणसास व्यर्थ थांबवील.