अमळनेर आणि आतून जाणवणारा देह

रात्री निजानीज झाली आणि डाव्या कुशीवर वळलं, की छातीतला ठोका जाणवू लागतो. त्या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीला अधिक टेकतं. उशीवर दाबलेल्या कानातही तोच ताल येतो. दिवसभर हेच हृदय मिनिटाला सत्तर-ऐंशीदा आकुंचन पावत असतं, पण जिना चढावा लागला किंवा एकदम दचकलो, तरच त्याची धडधड कळते.

वैद्य मनगटावर तीन बोटं ठेवून पाहतो ती नाडी दुसऱ्याला कळणारी. स्वतःला आतून कळणारा ठोका ही गोष्ट निराळी. चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने 1906 मध्ये शरीराच्या आतून येणाऱ्या संवेदनांना वेगळं नाव दिलं. पुढच्या पंचवीस वर्षांत आतून जाणवणाऱ्या देहाचा शोध घेणाऱ्या दोन वाटा जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला येऊन गेल्या.

बोरी नदीकाठचं हे गाव सखाराम महाराजांचं आणि प्रताप शेठजींच्या कापड गिरणीचं. शेठजींनी 1916 मध्ये इथे तत्त्वज्ञान मंदिर ही अभ्याससंस्था उभी केली. साने गुरुजी आधी या मंदिरात आले आणि मग 1924 पासून प्रताप हायस्कुलात शिकवू लागले.

त्याच काळात गावातल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य होते जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच पुढचे स्वामी कुवलयानंद. 1923 मध्ये महाविद्यालय बंद झालं. पुढच्याच वर्षी त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं. उड्डियान आणि नौली या योगक्रिया करताना पोटात काय घडतं, आसनांत रक्तदाब किती बदलतो, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक लावून पाहिलं. साधकाला आत जे जाणवतं, ते बाहेरून मोजायची ही वाट.

काही योगी हृदय थांबवतात, असंही तेव्हा सांगितलं जाई. वेंगर, बागची आणि आनंद या संशोधकांनी भारतात अशा योग्यांची तपासणी केली. तिचा अहवाल 1961 मध्ये निघाला. श्वास रोखून छातीचे स्नायू आवळले, की हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. मनगटाची नाडी बोटांना लागेनाशी होते, स्टेथोस्कोपमधला आवाजही हरवतो. पण विद्युत-आलेखावर हृदय चालूच होतं.

दुसरी वाट विचारांची. तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचं ‘द सब्जेक्ट ॲज फ्रीडम’ हे छोटं इंग्रजी पुस्तक 1930 मध्ये तत्त्वज्ञान मंदिरानेच प्रसिद्ध केलं. पुढे 1933 मध्ये ते मंदिराचे संचालकही झाले. या पुस्तकातलं एक प्रकरण पाहिलेला देह आणि अनुभवलेला देह यांवर आहे. स्वतःचं शरीर इतर वस्तूंसारखं डोळ्यांना दिसतं, पण तेवढंच एक शरीर आतूनही जाणवतं. या जाणिवेत ज्ञात्याच्या स्वातंत्र्याची पहिली चाहूल त्यांना दिसली. फ्रेंच तत्त्वज्ञ मेर्लो-पाँतींचा देहानुभवावरचा ग्रंथ यायला अजून पंधरा वर्षं होती.

आतून कळणाऱ्या ठोक्याच्या जाणिवेची परीक्षा जर्मनीत रायनर शांड्री या संशोधकाने 1981 मध्ये घेतली. नाडीला हात न लावता माणसाने ठोके मोजायचे, आणि यंत्रावरच्या आकड्याशी ताडून पाहायचे. अशा चाचणीत बहुतेकांची मोजणी कमी भरते. भट्टाचार्यांच्या पुस्तकात अशी मोजणी नाही. आतून कळणं म्हणजे मुळात काय, हा प्रश्न मात्र त्यात आहे, आणि तो छापून निघाला अमळनेरहून.