ना पाली : रस्ता न पोहोचलेला किनारा

हवाई द्वीपसमूहातील काउआई बेटाच्या वायव्येस सुमारे २७ किलोमीटर लांबीचा ना पाली किनारा पसरला आहे. हवाईयन भाषेत 'ना पाली' म्हणजे 'कडे'. त्यांपैकी काही समुद्रापासून जवळपास १,२०० मीटर उंच जातात. बेटाला वळसा घालू पाहणारा महामार्ग येथे दोन्ही बाजूंनी थांबतो. केए ते कलालाऊ ही १८ किलोमीटरची खडतर पायवाट आहे. परंतु संपूर्ण किनारा समुद्रपातळीवरून पाहायचा, तर नौकेशिवाय पर्याय नाही.

सह्याद्रीप्रमाणेच येथील खडकही बेसॉल्टचा. मात्र दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तर काउआईचे वय अवघे सुमारे ५० लाख वर्षे. एवढ्या काळात पाऊस, ओढे आणि लाटा यांनी ज्वालामुखीची ही बाजू कोरून अरुंद दऱ्या, धारदार सोंडा आणि सागरी गुहा घडविल्या.

बहुतांश सहली दक्षिणेकडील पोर्ट ॲलन किंवा पश्चिमेकडील किकिआओला बंदरातून निघतात. पोलिहालेची लांबलचक पुळण मागे पडली, की कडे सुरू होतात. कटामरान तुलनेने स्थिर असते. फुगीर रबरी बाजूंच्या लहान नौका समुद्र शांत असल्यास गुहांत शिरतात, पण हादरे फार बसतात. गर्भवती महिला व पाठदुखीचा त्रास असणाऱ्यांनी त्या टाळाव्यात. उत्तरेकडील हनलेईहून उन्हाळ्यात मोजक्या नौका सुटतात.

वाटेतील नुआलोलो काई येथे प्रवाळखडकाच्या आडोशाला हवाईयन लोकांनी अनेक शतके वस्ती केली होती. त्यांच्या दगडी चौथऱ्यांचे अवशेष आजही आहेत. पुढे होनोपूची भव्य नैसर्गिक कमान लागते. तेथे नौका लावण्यास मनाई आहे आणि ती योग्यच म्हणावी लागेल.

कलालाऊ दरीचे नाव मात्र केवळ सौंदर्यासाठी घेतले जात नाही. कुष्ठरोग झालेल्यांना त्या काळी मोलोकाई बेटावरील कलाउपापा येथे सक्तीने धाडले जाई. पत्नी सोबत येऊ शकणार नाही, हे कळताच कोओलाऊ नावाच्या गुराख्याने जाण्यास नकार दिला आणि तो पत्नी पिइलानी व मुलासह या दरीत राहिला. १८९३ मध्ये त्याला पकडण्यास आलेला उपशेरीफ लुई स्टोल्झ त्याच्या गोळीने ठार झाला. त्यानंतर तोफेसह आलेल्या सैनिकांनाही तो सापडला नाही. मुलगा आणि पाठोपाठ कोओलाऊ दरीतच मरण पावले. दोघांना पुरून पिइलानी एकटी परतली. तिची हकीकत १९०६ मध्ये हवाईयन भाषेत प्रसिद्ध झाली. नौकेवरील माहितीत हा इतिहास दोन वाक्यांत उरकला जाऊ शकतो, म्हणून तो आधी वाचून जाणे उत्तम.

मे ते सप्टेंबर हा काळ सहलीसाठी सर्वांत अनुकूल. हिवाळ्यात उत्तरेकडून प्रचंड लाटा येतात आणि सहली रद्द होतात किंवा मार्ग बदलतात. त्या दिवसांत कुबड्या देवमासे दिसण्याची शक्यता ही त्याची भरपाई. स्पिनर डॉल्फिनच्या ४६ मीटरच्या आत जाण्यास २०२१ पासून बंदी आहे. व्यापारी वारे दुपारी जोर धरतात, त्यामुळे सकाळची फेरी निवडावी आणि समुद्र लागत असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी नौकेत चढण्यापूर्वीच घ्यावी.