बाहेरकाठा कोणाचा?



काल अमावास्येचं उधाण होतं. रात्री भरतीच्या वेळेला बॅटरी घेऊन बाहेरकाठ्यावर फेरी मारून आलो. एका अंगाला धरमतरच्या खाडीचं पाणी, काठापासून वीतभर खाली. दुसऱ्या अंगाला भात. मधे फक्त हा मातीचा बांध. लांब डोलवीच्या कारखान्याचे दिवे दिसत होते. ओहोटी लागेपर्यंत तिथंच बसलो. तेव्हा जे मनात आलं ते लिहितोय.

घाटावरच्या मित्रांसाठी आधी थोडं सांगतो. आमची खारजमीन म्हणजे भरतीच्या पातळीखालचं शेत. बाहेरकाठा खाडी अडवतो. बांधात उघाडी असते. भरती आली की तिची झडप दाबून बंद होते, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर जातं. उन्हाळ्यात भेगांतून मीठ वर येतं, जूनचा पाऊस ते धुऊन काढतो, मग भात. वर्षाला एकच पीक. उघाडी बिघडली किंवा बांधाला खांड गेली तर तेही नाही.

आता इतिहास. ही जमीन कुणाला आयती मिळालेली नाही. खाजणात बांध घालून, टोपल्या-टोपल्यांनी चिखल टाकून ती समुद्राकडून काढून घेतलेली. पण कागदावर नाव टोपली उचलणाऱ्याचं नव्हतं. जुन्या कुलाबा जिल्ह्यात खारीवर शिलोत्रीची पद्धत होती. कुळानं भाताच्या रूपात शिलोत्री द्यायची, आणि त्या बदल्यात बाहेरकाठा राखायची जबाबदारी शिलोत्रीदाराची. म्हणजे हक्क घेणाऱ्यावर बांधाचं ओझंही होतं. निदान नियम तसा होता. आमची आजी सांगायची, खांड गेली की रात्री-अपरात्री चिखलात उतरायचे ते कुळंच.

शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरीला 1933 साली कुळांनी संप केला. नारायण नागू पाटील पुढारी. खोतांची जमीन कसायचीच नाही असं ठरलं आणि ते 1939 पर्यंत पाळलं. सहा वर्षं! लोकांनी लाकूडफाटा विकला, मजुरी केली, पण नांगर धरला नाही. 1934 साली डॉ. आंबेडकर चरीला आले, आणि 1937 साली त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. पुढे 1939 चा आणि 1948 चा कुळकायदा आला, 1955 साली कुलाबा जिल्ह्यातले शिलोत्री हक्क कायद्यानं गेले. 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन धरून कुळं मालक झाली. आमच्या सातबाऱ्यावर आजोबांचं नाव आलं ते असं.

पण एक प्रश्न तसाच राहिला. शिलोत्रीदार गेला, मग बाहेरकाठा कोणाचा?

सरकारनं 1948 साली खारजमिनीचा कायदा केला, 1979 साली खारभूमी विकासाचा. काही बांध शासकीय योजनेत गेले, काही खाजगी राहिले. शासकीय असेल तर दुरुस्ती खात्याची, खाजगी असेल तर शेतकऱ्यांची. पूर्वी गावातलं प्रत्येक घर एक माणूस द्यायचं. आता घरटी माणूस कुठे आहे? कुणी कंपनीत, कुणी पनवेलला, कुणी मुंबईला. शासकीय बांधाला वाट निधीची, खाजगीला वाट माणसांची. खाडी मात्र दिवसातून दोनदा न चुकता येते.

उत्तर समुद्राच्या काठावर, हॉलंड-जर्मनीकडेही अशाच जमिनी आहेत. तिकडे जुना रिवाज होता: ज्याला आपल्या वाटणीचा बांध राखणं जमणार नाही त्यानं बांधात फावडं रोवून निघून जायचं. ते फावडं उपटेल त्याची जमीन, आणि बांधही त्याचाच. रिवाज निर्दयी खरा, पण बांध कोणाचा याबद्दल संशय नव्हता. पुढे तिथं पाण्याच्या पंचायती बसल्या, त्या कर घेतात, निवडणूक घेतात आणि बांध राखतात. आपल्याकडे फावडं रोवलेलंच आहे, उपटायला कोणी नाही.

त्याचं फळ खाडीकाठाला डोळ्यांनी दिसतं. खांड वेळेत बुजली नाही की शेतात खारं पाणी खेळतं आणि तिवर उगवतात. तिवर वाईट नाहीत, उलट बांधाच्या बाहेर असले तर लाटेचा मार तेच खातात. पण आत वाढले की ते कांदळवन, आणि कांदळवन तोडणं गुन्हा. तेही बरोबरच आहे. मात्र ज्याचं शेत गेलं त्याच्या हातात काय? सातबारा नावावर, नांगर धरता येत नाही. समुद्र वर चढतोय तो जगभरच्या धुरानं. त्याचा पहिला हिशोब मात्र खारीतल्या दोन एकरवाल्याकडून वसूल होतो.

आपल्याच पेण तालुक्यात 21 सप्टेंबर 2008 रोजी 22 गावांत सेझसाठी जमीन द्यायची की नाही यावर सरकारनं शेतकऱ्यांचं मत घेतलं. लोक रांगा लावून आले, आणि तो सेझ काही झाला नाही. जमीन विकायची का, हे तरी त्या दिवशी आम्हाला विचारलं गेलं. बांध फुटून जमीन जाते तेव्हा कुणी विचारत नाही. ना नोटीस, ना मोबदल्याची बोलणी.

म्हणून एक काम सांगतो, या आठवड्यात करा. आपला बाहेरकाठा शासकीय योजनेत आहे की खाजगी, ते खारभूमी कार्यालयात विचारून लेखी घ्या. घरात शिलोत्रीची, कुळाची जुनी पावती असेल तर फोटो काढून ठेवा. आणि पुढच्या उधाणाला एकट्यानं नको, चारजण मिळून काठावर फेरी मारा. खेकड्याचं बीळ दिसलं तर तेव्हाच चिखलानं बुजवा. खांड तिथूनच सुरू होते.