टंकलेखनाचा वर्ग आणि आमची व्यावहारिक मराठी

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि कारभाराची भाषा उर्दू होती. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने कचेरीतील मराठीला कायद्याचे बळ दिले. आता नोकरीसाठी मराठी यंत्र चालवता येणे आवश्यक झाले. ते यंत्र आमच्या मराठी विभागात कधीच आले नाही. आले ते बीड, अंबाजोगाई, परळीच्या बाजारपेठांतील टंकलेखन संस्थांत. मिनिटाला ३० शब्दांचे शासकीय प्रमाणपत्र म्हणजे कारकुनीचे दार. आम्ही मात्र ‘व्यावहारिक मराठी’ खडू-फळ्यावरच शिकवीत राहिलो, आणि त्या खडखडाटाकडे (कबूल करायला हवे) काहीशा तुच्छतेनेच पाहिले.

वास्तविक भाषेचा एक सूक्ष्म पाठ तिथेच चालला होता. रेमिंग्टन कळफलकावर ‘कि’ उमटवताना आधी ऱ्हस्व वेलांटी, मग ‘क’. डोळ्यांना दिसते तसे. संगणकाच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर आधी ‘क’, मग वेलांटी. कानांना ऐकू येते तसे. लिपी ही आकृती की उच्चार, हा प्रश्न आम्ही भाषाविज्ञानाच्या तासाला चर्चिला. विद्यार्थ्यांच्या बोटांशी तो जोडला नाही.

२००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झाले, एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्यांपर्यंत पोहोचले. पुढे टंकलेखनाची परीक्षाही संगणकावर गेली. आज मोबाइलवर रोमन अक्षरांतून मराठी लिहिणारे बी.ए.चे विद्यार्थी कोणता कळफलक शिकावा असे विचारतात, तेव्हा आम्हीच एका बोटाने कळा शोधत असतो.