प्राक्षेपिक लंबक

बंदुकीच्या गोळीचा वेग मोजण्याचे जुने साधन. टांगलेल्या जड ठोकळ्यावर गोळी झाडली की ती आत रुतून बसते व ठोकळा झोका घेतो. तो किती उंच चढला यावरून गोळीचा वेग काढतात. इंग्रज गणितज्ञ बेंजामिन रॉबिन्स (१७०७–५१) यांनी ‘न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी’ (१७४२) या ग्रंथात त्याचे वर्णन केले. त्यांच्या लंबकाला खाली एक फीत जोडलेली असे. झोक्याबरोबर ती जेवढी ओढली जाई, तेवढा झोका मोठा.

गणित दोन टप्प्यांचे आहे आणि विद्यार्थी अडखळतात ते बहुधा टप्पे वेगळे न केल्यामुळे. पहिल्या टप्प्यात, म्हणजे टक्करीत, संवेग (वस्तुमान व वेग यांचा गुणाकार) अक्षय्य राहतो. गतिज ऊर्जा मात्र राहत नाही. दुसऱ्या टप्प्यात ठोकळा वर चढतो तेव्हा गतिज ऊर्जेचे स्थितिज ऊर्जेत रूपांतर होते. समजा, १० ग्रॅमची गोळी १.९९ किग्रॅ.च्या ठोकळ्यात रुतली व दोन्ही मिळून १० सेंमी. वर गेली. चढण्याच्या सुरुवातीचा वेग सेकंदाला १.४ मी. येतो. त्या क्षणी एकूण संवेग २.८ किग्रॅ.-मी./से., म्हणून गोळीचा वेग २८० मी./से. सुरुवातीपासूनच ऊर्जेचा नियम लावला तर उत्तर २० मी./से.च्याही खाली येते. बंदुकीच्या गोळीचा वेग एवढा कमी असणे शक्य नाही, हे खरे तर आकडा पाहताच खटकायला हवे.

गोळीची ऊर्जा होती ३९२ जूल. टक्करीनंतर उरली जेमतेम २ जूल. बाकीची लाकूड फोडण्यात, उष्णतेत व आवाजात गेली. अशा, दोन्ही वस्तू चिकटून राहणाऱ्या टक्करीला पूर्णपणे अस्थितिस्थापक टक्कर म्हणतात.

संवेगाचा नियम येथे लावता येतो तो टक्कर अत्यल्प काळात उरकते म्हणून. गोळी ५ सेंमी. आत शिरून थांबली असे धरल्यास काळ सेकंदाच्या सुमारे तीन हजाराव्या भागाएवढा आणि सरासरी बल ७,८०० न्यूटनच्या आसपास. बल व काळ यांचा गुणाकार म्हणजे आवेग, आणि संवेगात पडणारा फरक त्याच्याएवढाच असतो. तेवढ्या वेळात ठोकळा पाव मिलिमीटरच सरकतो. दोऱ्या अजून उभ्याच असतात. त्यांची आडवी ओढ नगण्य राहते.

रॉबिन्स यांना बंदुकीच्या गोळ्यांचा वेग सेकंदाला सुमारे १,६०० फूट मिळाला. लंबक दूर नेऊन पुन्हा मोजले तेव्हा हवेचा रोध तत्कालीन समजुतीपेक्षा कितीतरी जास्त आढळला. तोफखान्याच्या शास्त्रात ही गोष्ट वेगाच्या आकड्यापेक्षा मोलाची ठरली. लेओनार्ड ऑयलर यांनी या ग्रंथाचे १७४५ मध्ये विस्तृत टीपांसह जर्मन भाषांतर केले. पुढे चार्ल्स हटन यांनी वुलिच येथे तोफगोळ्यांवर असेच प्रयोग केले. रॉबिन्स स्वतः ईस्ट इंडिया कंपनीचे अभियंते म्हणून किल्ल्यांच्या डागडुजीसाठी भारतात आले व कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारले.

वेग मोजण्यासाठी आता इलेक्ट्रॉनिक साधने आहेत. प्रयोगशाळेतील लंबकात स्प्रिंगच्या बंदुकीने पोलादी गोळी उडवतात आणि झोक्याच्या टोकाला खटका लंबकाला अडकवून धरतो. लंबक दोरीऐवजी दांड्याचा असेल, तर नेमक्या उत्तरासाठी कोनीय संवेग घ्यावा लागतो.